सरांची चौथी पद्धत

सरांना ‘चहा घेता का?’ असं विचारायला आमच्या घरात बंदी होती. कप भरायचा, त्यांच्यापुढं ठेवायचा आणि तिथून निघून जायचं. कारण विचारलं की सर डोळे मिटायचे, उजवा हात हवेत अर्धवट उचलायचे आणि म्हणायचे, “हो म्हटलं तरी खोटं, नाही म्हटलं तरी खोटं.” तोवर चहावर साय धरलेली असायची. दुसरा कप मात्र ते अगदी सरळ शब्दांत मागायचे.

सर म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. नात्यानं काका, पण लातूरच्या एका कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवायचे म्हणून सगळं खानदान त्यांना सरच म्हणायचं. एकटा माझा उमरीचा मामा त्यांना दाजी म्हणायचा, तेही जपून. त्यांचा विषय म्हणजे प्राचीन चिनी विचारवंत. आता लातुरात चीन म्हटलं की माणसाला मोबाइल आठवतो, फार तर गाड्यावरच्या नूडल्स. सरांना अडीच हजार वर्षांपूर्वीची माणसं आठवायची, आणि त्यांचा उल्लेख ते ‘आमचे म्हातारे’ असा करायचे. लहानपणी मला कितीतरी दिवस वाटायचं की हे म्हातारे सरांच्या गावी पारावर बसत असणार. एका दिवाळीत मी त्यांची तब्येतही विचारली होती. सर म्हणाले, “उत्तम. मेल्यापासून तर फारच चांगली.”

या म्हाताऱ्यांचं म्हणणं मला समजलं ते एवढंच, की जगाच्या मुळाशी जे काही आहे ते शब्दांत सांगता येत नाही. आणि हे सांगायला त्यांनी पुस्तकांवर पुस्तकं लिहिली. मी एकदा न राहवून विचारलं, “सर, सांगता येत नाही तर गप बसायचं की. लिहायचं कशाला?”

सर इतके खूश झाले की माझी चूक माझ्या लक्षात आली. त्यांच्या वर्गात दोनच विद्यार्थी असायचे. त्यातला एक हजेरीसाठी यायचा आणि दुसरा भूगोलाचा वर्ग समजून आलेला होता, तो संकोचानं उठला नाही तो वर्षभर. त्यामुळे प्रश्न विचारणारा माणूस म्हणजे सरांना सणच. पुढचा तासभर त्यांनी मला पद्धती समजावल्या. सांगता येत नाही ते सांगायचं कसं? तर एक, नाही-नाही म्हणत जायचं. ते असं नाही, ते तसंही नाही, आणि शेवटी हातात जे उरेल ते. नाहीतर उलटंच बोलायचं, म्हणजे ऐकणारा ठेच लागल्यासारखा थांबतो. तेही नको असेल तर गोष्ट सांगायची. कुणी सुतार, कुणी खाटीक, एखादं वाकडं झाड. मुद्द्याचं नावसुद्धा घ्यायचं नाही, ऐकणाऱ्यानं आपलं आपण ओळखायचं.

“आणि चौथी,” सर आवाज खाली आणून म्हणायचे, “चौथी सगळ्यात वरची. काहीच बोलायचं नाही. नुसतं काहीतरी असं करायचं, की समोरच्याला कळून जावं.”

या चौथ्या पद्धतीवर ते सगळ्यात जास्त वेळ बोलायचे.

माझं म्हणाल तर मी नांदेडला पाण्याच्या टाक्या विकतो. पाणी नव्हे, टाक्या. काळ्या, प्लॅस्टिकच्या, तीन थरांच्या. पाणी जितकं कमी तितक्या टाक्या जास्त खपतात, त्यामुळे लातूर हे माझं आवडतं गाव आणि माझं लातूरला सारखं येणं-जाणं. सर माझी ओळख करून देताना सांगायचे, “हा आमच्या हिचा भाचा. पोकळी विकतो. आमच्या म्हाताऱ्यांना फार आवडला असता.” लोक माझ्याकडं आदरानं बघायचे. माझी बायको मात्र घरी आल्यावर म्हणायची, “पोकळी विकता ते खरंच हाय, पण गिऱ्हाइकाला सांगू नका.”

तर पाणी. सरांच्या म्हाताऱ्यांना काहीही पटवायचं असलं की ते पाण्याचा दाखला द्यायचे. पाणी खाली जातं, कुणाला आडवं येत नाही, जिथं कुणाला नको वाटतं तिथं जाऊन बसतं, आणि तरी शेवटी तेच जिंकतं. सर हे अशा गावात सांगायचे जिथं नळाला आठ-आठ, दहा-दहा दिवस पाणी येत नाही. एकदा असंच पाण्याच्या दिवशी सर ओट्यावर खुर्ची टाकून, पाणी कसं कुणाशी भांडत नाही ते समोरच्या वहिनींना सांगत होते. वहिनी रांगेतल्या घागरीवरून नुकत्याच कुणाशी तरी भांडून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, “सर, तुमच्या चीनमधलं न्हाई भांडत. आमच्या गल्लीतलं लई भांडकुदळ हाय, त्याला जरा शिकवा.”

मावशी त्या वेळी पाणी भरत होती. ती नेहमीच पाणी भरत असायची. पाण्याच्या दिवशी ती कमरेला पदर खोचून एखाद्या फौजदारासारखी उभी राहायची. आधी पिण्याचं, मग वापराचं, मग मी दिलेली टाकी, मग पातेली, मग चहाची भांडीसुद्धा. सर खुर्चीवर. एवढ्या वर्षांत सरांनी बादलीला हात लावलेला कुणी बघितला नव्हता. मावशीचीही तक्रार नव्हती. “ते उचलतील आन् अर्ध्या वाटेत इचार करीत उभे राहतील,” म्हणायची. “त्यापरीस बसलेले बरे.”

मावशी सरांना कायम ‘ते’ म्हणायची. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही आपल्याकडची जुनी रीत. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. आम्ही घरातल्या नव्या सुनांना हसायचो, की आता तर चारचौघांत नवऱ्याला नावानं हाका मारतात. सर मात्र मावशीच्या बाजूनं उभे राहायचे. म्हणायचे, “ही सगळ्यात मोठी चिनी. नाव घेत नाही, आणि तरी गल्लीत कुणाला बोलावलं ते एकट्या मलाच कळतं.”

सरांना मागणी होती ती स्मशानात. आमच्याकडं अग्नी दिल्यावर लगेच कुणी उठत नाही. चार माणसं उभं राहून दोन शब्द बोलतात. सोसायटीचे चेअरमन बोलतात, माजी सरपंच बोलतात, आणि खानदानात प्राध्यापक असला तर त्याला सोडतच नाहीत. उमरीत माझ्या मामाचे चुलते गेले तेव्हा सर असेच उभे राहिले. ऊन मरणाचं. सर म्हणाले, “मृत्यूविषयी काहीही बोलणं शक्य नाही.” आणि बोलायला लागले. नाही-नाही झालं, उलटंसुलटं झालं, मग चीनमधला कुणी सुतार आला, तो सरांनी नायगावचा करून टाकला म्हणजे लोकांना आपला वाटेल. लोकांना तो इतका आपला वाटला की एक म्हातारा बाजूच्याला विचारायला लागला, कोणाचा म्हणायचा हा? शेवटी मामा पुढं झाला आणि सरांच्या कानाशी म्हणाला, “दाजी, चिता विझायली. आटपा.”

परतताना जीपमध्ये सर म्हणाले, “आज चौथी पद्धत वापरायला हवी होती.”

“वापरायची की मंग!” मामा कपाळावरचा घाम पुसत म्हणाला. “आम्ही कुठं अडवलं हुतं?”

तर असे सर. मावशीला गाठ निघाली तेव्हा सगळ्यांनी त्यांच्याकडं बघितलं ते यामुळं.

गाठ छातीत होती. तपासणीचा कागद आणायला मामा आणि मी गेलो होतो. डॉक्टर भला माणूस. म्हणाला, आत्ता ऑपरेशन केलं तर बरं होण्यासारखं आहे, वाट बघत बसू नका. घरी आलो तर मावशी दारातच. “काय म्हणला डॉक्टर?” मामाच्या तोंडातून निघालं, “काही न्हाई अक्का, साधी गाठ हाय.”

आपल्याकडं असंच बोलतात. बाईमाणसाला एकदम कशाला सांगायचं, घाबरंल, हाय खाईल. दवाखान्यात न्यायचं, झालं की मग सांगायचं. सगळ्या घरांत असंच चालतं. फक्त आमच्याकडं एक चूक झाली. मावशीनं ते खरं धरलं.

“साधी हाय ना?” ती म्हणाली. “मंग बघू की निवांत. पोरीचं लग्न होऊन जाऊ दे.”

पोरगी म्हणजे मामाचीच मुलगी. लग्न माघात, आणि आता कुठं दसरा झालेला. मावशी म्हणाली, आत्या असून मी दवाखान्यात जाऊन पडू का, साड्या कोण घेणार, रुखवत कोण बघणार? मामा रडकुंडीला आला. एकदा साधी म्हणून सांगितलेली गाठ आता अवघड कशी करायची? मावशीला मूलबाळ नाही. उरलो मी, आणि मी असल्या कामाला काय उपयोगाचा ते खानदानाला ठाऊक आहे. गिऱ्हाइकाला टाकी गळते हे सांगायलासुद्धा मी बायकोला फोन करायला लावतो.

बाहेरच्या खोलीत आमची कुजबुजत बैठक बसली. मामा म्हणाला, “दाजी, तुम्हीच सांगा. जे सांगता येत न्हाई ते कसं सांगायचं, हा तुमचा विषयच हाय.”

सरांनी आतल्या दाराकडं बघितलं. मग म्हणाले, “बघतो.” मला त्यात काळजीसारखं काही वाटलं. पण त्यांनी उजवा हात अर्धवट उचलला आणि मी समजलो की आता आपण चीनमार्गे जाणार.

पहिल्या संध्याकाळी त्यांनी मावशीला समोर बसवलं. मी टाकीचा बॉल तपासण्याचं नाटक करत खिडकीबाहेर उभा होतो. सर म्हणाले, “हे बघ, तुला जे झालंय ते साधं नाही.” मी बॉल सोडून कान दिला. सर पुढं म्हणाले, “पण असाधारणही नाही. ते बाहेरचं नाही, ते आपलंही नाही...”

“म्हंजे साधंच हाय,” मावशी म्हणाली आणि भाकरी टाकायला उठली.

दुसऱ्या दिवशी उलटं बोलणं. सर म्हणाले, कधीकधी घाई करणारा माणूसच खरा निवांत असतो. मावशी म्हणाली, “हेच तर मी भावाला सांगायले, निवांत घ्या.” तिसऱ्या दिवशी गोष्ट. एका बाईच्या घरी न बोलावता एक पाहुणा आला. दिसायला साधा, काही मागत नव्हता, कोपऱ्यात बसून होता. घरातली सगळी म्हणत, राहू दे, काय बिघडतं? पण तो पाहुणा...

“कोण यायलंय?” मावशीनं मधेच विचारलं. “आधी सांगायचं न्हाई का? दळण पण आणल्यालं न्हाई.”

सरांचा चेहरा मी तेव्हा पाहिला. स्मशानात तासभर बोलून न थकलेला माणूस त्या एका वाक्यानं थकला होता. रात्री जेवले नाहीत. मावशीनं विचारलं, तर म्हणाले, “भूक नाही.” इतकं सरळ उत्तर! तिनं माझ्याकडं बघितलं. मी टाकीकडं बघितलं.

दोन दिवसांनी सकाळी नळाला पाणी आलं. गल्लीत आरडाओरडा सुरू झाला, मावशीनं पदर खोचला, हंडे-बादल्या बाहेर निघाल्या. सर खुर्चीवर बसलेले. मी पाईप टाकीत सोडत होतो. मावशी भरलेली बादली उचलायला वाकली आणि तिचा हात जरासा छातीशी गेला. जरासाच. आणि सर उठले. चप्पल न घालता पायऱ्या उतरून आले आणि त्यांनी बादलीची कडी धरली.

“सोडा की,” मावशी म्हणाली. “काय करायलाव?”

“तू बस.”

“कुठं बसू? नळ चालू हाय.”

“मी भरतो.”

दोघांनी कडी धरलेली. पाणी हिंदकळून सरांचा लेंगा गुडघ्यापर्यंत भिजला. मावशी त्यांच्या त्या भिजलेल्या लेंग्याकडं बघत राहिली, मग त्यांच्या तोंडाकडं. मग तिनं बादली सोडली आणि ओट्याच्या पायरीवर जाऊन बसली.

“मोठंच हाय म्हणा की,” ती म्हणाली.

सर बादली धरून तसेच उभे. एका हातात बादली, म्हणून दुसरा उचलला गेला. हवेत अर्धवट. तोंड उघडलं.

“चीनमधून नका येऊ,” मावशी म्हणाली. “लातुरातूनच सांगा.”

मग सरांनी सांगितलं. रोगाचं नाव सांगितलं. म्हणाले, “ऑपरेशन आत्ताच करावं लागतं, लग्नापर्यंत थांबता येत नाही.” आणि म्हणाले, “मला भीती वाटते.” इतकी सरळ वाक्यं एकामागं एक त्यांच्या तोंडून मी कधी ऐकली नव्हती. पाण्याखातर हमरीतुमरीवर आलेल्या वहिनींनीही कुंपणापलीकडं हातातली घागर खाली ठेवली.

मावशीनं पदरानं तोंड पुसलं. “येवढंच ना?” ती म्हणाली. “मंग कवापासून पाहुणा-पाहुणा काय लावलं हुतं? मी खालच्या गल्लीतून तांदूळ उसने आणून ठिवले.”

ऑपरेशन हैदराबादला झालं. ते नीट झालं, पुढचे उपचारही नीट झाले. माघात लग्नाला ती गेली ती डोक्याला रुमाल बांधून. साड्यांत तरीही तिला एक चूक सापडलीच, आणि रुखवताची मांडणी तिनं खुर्चीवर बसून तीनदा बदलायला लावली. मामा कौतुकानं रडत होता आणि मधूनच मला म्हणत होता, “बघ, मी साधीच हाय म्हणलो हुतो.”

तेव्हापासून पाणी सर भरायला लागले. वाईट भरायचे. वापराच्या पाण्यात पिण्याचं मिसळायचे, टाकीचं झाकण लावायचं विसरायचे, हंडा अर्ध्या वाटेत ठेवून खरंच विचार करत उभे राहायचे. मावशी पायरीवर बसून हुकूम सोडायची. आणि खानदानात कुणी भेटलं की सर शांतपणे सांगायचे, की पहिल्या तीन पद्धती मुद्दामच वाया घालवल्या, म्हणजे चौथीचा परिणाम व्हावा. मावशी आतून ओरडायची, “कसली पद्धत! त्यांच्या हातात बादली बघितली आन् मला वाटलं मी मेलेच.”

मागच्या वर्षी सर नांदेडला आले होते. ज्येष्ठ मंडळींच्या एका सभागृहात त्यांचं व्याख्यान होतं, संध्याकाळी; रात्री माझ्याकडं मुक्काम आणि सकाळी मी त्यांना लातूरला सोडायचं असं ठरलं होतं. विषय मौन. मामाही उमरीहून आला होता. मौनावर सर पाऊण तास बोलले. मग एका वाक्याच्या मधे थांबले, खुर्चीत बसले, हात टेबलावर ठेवले आणि मान जरा खाली केली. सभागृह शांत. पुढच्या रांगेतले एक गृहस्थ हळूच म्हणाले, “वा!” आणि टाळ्या सुरू झाल्या. मीही वाजवल्या. मनात म्हटलं, जमली एकदाची सरांना. मामानं आधी ओळखलं. तो टाळ्यांमधून धावत मंचावर चढला.

डॉक्टरांनी सांगितलं, काही कळायच्या आत गेले असतील.

मामानं मला बाजूला घेतलं. “मी दाजींना घेऊन येतो मागून. तू पुढं हो. अक्काला तू सांग.” फोनवर सांगायचा प्रश्नच नव्हता. दोघांत फोन एकच, तो सरांच्या खिशात. दवाखान्याचे सोपस्कार होईतो उजाडायला आलं होतं. मी गाडी काढली.

लोह्यापर्यंत मी वाक्यं जुळवत होतो. सरांची तब्येत बरी नाही, असं सुरू करावं. मग आठवलं, या घरात साधी गाठ म्हटलं की काय होतं. अहमदपूरच्या पुढं एक गोष्ट सुचली, तीही टाकून दिली. चाकूर मागं पडलं तेव्हा डोक्यात काहीच उरलं नव्हतं. मी मनात सरांना म्हणालो, सर, एक तरी पद्धत नीट शिकवायची.

गल्लीत वळलो तर आरडाओरडा. नेमकं पाणी आलेलं. मावशी फाटकातच होती, पदर खोचलेला, कमरेवर हंडा. केस आता पुन्हा कानापर्यंत आले होते. मला बघून म्हणाली, “आलास? बरं झालं. ते कुठं हायत? गाडीत झोपले का? म्हणावं, उठा, तुमचं काम मी करायले.”

मी तोंड उघडलं. हात, देवाशपथ, आपोआप हवेत अर्धवट उचलला गेला. तो खाली घेतला. चप्पल काढली, पुढं झालो आणि तिच्या कमरेवरचा हंडा धरला. आयुष्यभर टाक्या विकल्या, पण भरला हंडा मी कधी उचललेला नव्हता. तो इतका जड असतो हे मला माहीत नव्हतं.

तिनं हंडा सोडला नाही. माझ्याकडं बघत राहिली. मग एकेक बोट सुटत गेलं.

ती पायरीवर बसली, त्याच पायरीवर. आणि तिनं विचारलं. ‘ते’ म्हणाली नाही. नाव घेऊन विचारलं. ते नाव मी इथं लिहीत नाही, ते तिनं घेतलं तेवढं पुरे.

मी मान हलवली.

“तोंडानं सांग,” ती म्हणाली.

मी सांगितलं. कुठं, कधी, आणि त्रास झाला नाही, एवढंच. टाळ्यांचंही सांगितलं, का कुणास ठाऊक. त्यावर तिच्या ओठाचा एक कोपरा हलला. कुंपणाकडच्या वहिनी आत आल्या आणि तिच्या शेजारी टेकल्या. मी वाकून नळ बंद करायला लागलो.

“नळ नको बंद करू,” मावशी म्हणाली. “भर. समदं भर. त्येंना न्हाऊ घालावं लागंल. लोक येतील आता, पाणी लई लागंल.”

मी हंडा आत रिकामा केला, परत आलो, पाईप टाकीत सोडला. टाकी तळाला गेली होती. आधी पाणी आत जोरात वाजत होतं, मग जसजसं वर येत गेलं तसा आवाज बारीक होत गेला. तो पूर्ण थांबेपर्यंत मी पाईप धरून उभा राहिलो. झाकण आठवणीनं लावलं.